डबल कॅब पिकअप

डबल कॅब पिकअप हा हलक्या मालवाहू मोटारीचा एक प्रकार आहे. यात आसनांच्या दोन रांगा व चार दरवाजे असलेली बंदिस्त केबिन पुढे असते आणि तिच्यामागे माल ठेवण्यासाठी स्वतंत्र उघडा हौदा असतो. चालकासह साधारणतः पाच व्यक्ती बसू शकतात. अमेरिकेत या रचनेला क्रू कॅब म्हणतात. अशी वाहने ऑस्ट्रेलियात यूट, तर दक्षिण आफ्रिकेत बाकी या नावाने ओळखली जातात. मूलतः कामगार व त्यांची अवजारे एकाच फेरीत नेण्यासाठी विकसित झालेले हे वाहन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कौटुंबिक वापरातही आले. आठवडाभर काम आणि सुट्टीच्या दिवशी सहल असा दुहेरी उपयोग हे त्याचे मुख्य आकर्षण आहे. मात्र भारक्षमता, मागील आसनाची सोय आणि बालकांची सुरक्षितता या बाबतींत ते प्रवासी मोटारीहून भिन्न असल्याने निवड करताना या भिन्नतेचा विचार आवश्यक ठरतो.

इतिहास

फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी मोटारीची, कारखान्यातच हौदा बसवलेली आवृत्ती विक्रीस आणली. ऑस्ट्रेलियातील गिलाँग येथील फोर्डच्या कारखान्यात लुईस बँड्ट या अभियंत्याच्या आराखड्यानुसार १९३४ मध्ये कूप युटिलिटी तयार झाली. रविवारी कुटुंबासह चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील असे एकच वाहन हवे, अशी एका शेतकरी स्त्रीची मागणी या आराखड्यामागे होती, असे सांगितले जाते. या वाहनात आसनांची एकच रांग होती; तरीही घर आणि शेत यांची गरज एका वाहनात भागवण्याची कल्पना त्यात स्पष्ट दिसते.

अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९५७ मध्ये ट्रॅव्हलेट हे सहा आसनांचे पिकअप आणले. आरंभी त्याला तीनच दरवाजे होते. फोक्सवॅगनने १९५८ पासून आपल्या टाइप २ व्हॅनवर आधारित दुहेरी केबिनचे वाहन कारखान्यातून देण्यास प्रारंभ केला. टोयोटा हायलक्स १९६८ मध्ये बाजारात आली व पुढे तिची दुहेरी केबिनची आवृत्ती अनेक देशांत रूढ झाली. ऑस्ट्रेलियात २०१६ ते २०२२ या काळात हायलक्स हे दरवर्षी सर्वाधिक विकले जाणारे वाहन होते. २०२३ मध्ये ते स्थान फोर्ड रेंजर या दुसऱ्या पिकअपने घेतले.

भारतात टेल्को (आताची टाटा मोटर्स) या कंपनीने १९८८ मध्ये टाटामोबाइल हे पिकअप आणले. महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे व टाटा झेनॉन ही दुहेरी केबिनची वाहने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आली, परंतु कौटुंबिक ग्राहकांत त्यांचा प्रसार मर्यादित राहिला. आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथे इसुझूचा कारखाना २०१६ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी डी-मॅक्स व्ही-क्रॉस हे वाहन खासगी वापरासाठी विक्रीस आले. टोयोटाने जानेवारी २०२२ मध्ये हायलक्स भारतात सादर केली.

रचना

बहुतेक पिकअप वाहनांत शिडीसारखा पोलादी सांगाडा असतो आणि त्यावर केबिन व हौदा हे दोन भाग स्वतंत्रपणे बसवलेले असतात. होंडा रिजलाइन हे वाहन याला अपवाद असून तिची बांधणी मोटारीप्रमाणे एकसंध आहे. एकाच सांगाड्यावर दुसरी रांग सामावून घ्यावयाची असल्याने हौद्याची लांबी कमी होते. एकेरी केबिनच्या वाहनात हौदा सुमारे २.३ मीटर लांब असतो, तर दुहेरी केबिनमध्ये तो सुमारे १.५ मीटर राहतो. त्यामुळे प्रौढांची सायकल हौद्यात सरळ मावत नाही. ती तिरकी ठेवावी लागते, तिचे पुढचे चाक काढावे लागते किंवा मागचा फाळका उघडा ठेवावा लागतो.

मागील आसासाठी बहुधा लीफ स्प्रिंग, म्हणजे बोलीभाषेतील पाटे, वापरतात. पाटे भार उत्तम पेलतात. परंतु हौदा रिकामा असताना ते ताठ राहतात आणि खड्ड्यांचे हादरे मागील आसनावरील प्रवाशांना अधिक जाणवतात. निसान नवाराच्या २०१४ नंतरच्या पिढीतील दुहेरी केबिनच्या आवृत्तीत व रॅम १५०० मध्ये मागे कॉइल स्प्रिंग आहेत. टोयोटा फॉर्च्युनर व हायलक्स यांचा मूळ सांगाडा एकाच कुळातील असला, तरी फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग आणि हायलक्सला पाटे आहेत. प्रवासी मोटार व पिकअप यांच्या प्रवासातील फरक या एका उदाहरणावरून समजतो.

अनेक पिकअप वाहनांत गरजेपुरती चारचाकी चालना असते. एरवी केवळ मागील चाके वाहन ढकलतात. पुढील व मागील आस थेट जोडणाऱ्या या यंत्रणेत मध्यवर्ती डिफरेन्शियल नसल्याने कोरड्या डांबरी रस्त्यावर ती चालू ठेवल्यास वळणावर यंत्रणेत ताण साठतो. चिखल, वाळू किंवा ओले गवत अशा निसरड्या पृष्ठभागावरच तिचा वापर योग्य असतो. मित्सुबिशी ट्रायटनच्या सुपर सिलेक्ट यंत्रणेत मध्यवर्ती डिफरेन्शियल असल्याने ती पक्क्या रस्त्यावरही वापरता येते. पावसाळ्यात रिकाम्या हौद्याच्या वाहनाचा मागील भाग हलका राहतो व घाटातील ओल्या वळणावर मागील चाके घसरण्याची शक्यता वाढते.

भारक्षमतेचा हिशेब

वाहनाचे कमाल अनुज्ञेय एकूण वजन आणि रिकाम्या वाहनाचे वजन यांतील फरक म्हणजे भारक्षमता. ती केवळ हौद्यासाठी नसते. केबिनमधील माणसे, नंतर बसवलेली साधने आणि सामान या सर्वांचे वजन तीतूनच वजा होते. कौटुंबिक खरेदीत हाच मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षिला जातो.

उदाहरणार्थ, एखाद्या वाहनाचे अनुज्ञेय एकूण वजन २,७०० किलो व रिकामे वजन २,१०० किलो असल्यास भारक्षमता ६०० किलो होते. तीन प्रौढ (प्रत्येकी ७० किलो) व दोन मुले (प्रत्येकी ३० किलो) यांचे वजन २७० किलो. उरले ३३० किलो. हौद्यावरील टणक छत ७० किलो व अन्य जोडसाधने ६० किलो धरल्यास २०० किलो उरतात. तंबू, शेगडी, पाण्याचे कॅन व दोन सायकली मिळून ७० किलो झाले, तर शिल्लक १३० किलो. परतीच्या वाटेवर कोकणातून पाच डझन हापूसच्या दहा पेट्या घेतल्यास एका आंब्याचे वजन पाव किलो धरून केवळ आंबेच १५० किलो भरतात आणि मर्यादा ओलांडली जाते. हौद्यात जागा रिकामी दिसत असली, तरी वाहन भारित झालेले असते. अतिभारामुळे थांबण्याचे अंतर वाढते, टायर तापतात आणि मागील भाग खाली दबल्याने पुढील चाकांची पकड सैल होते.

मागे ट्रेलर ओढायचा असल्यास त्याच्या जोडदांड्यावरील भारही या हिशेबात धरावा लागतो. हा भार साधारणतः ट्रेलरच्या वजनाच्या एक दशांश असतो. म्हणजे १,५०० किलोच्या ट्रेलरमुळे सुमारे १५० किलो भारक्षमता खर्ची पडते.

मागील आसन व बालकांची सुरक्षितता

केबिनची लांबी मर्यादित असल्याने मागील आसनाची पाठ बहुधा उभट असते व ती मागे कलवता येत नाही. अल्प अंतरात ही अडचण लक्षात येत नाही. दोन-तीन तासांच्या प्रवासात वृद्धांना ती त्रासदायक ठरते. केबिनची उंचीही अधिक असल्याने पायरी व हातात धरण्याची मूठ यांना महत्त्व येते. म्हणून चाचणीफेरीत घरातील ज्येष्ठांना व मुलांना मागे बसवून, खडबडीत रस्त्यावरूनही वाहन चालवून पाहणे इष्ट असते.

बालकांचे आसन बसवण्यासाठी मागे आयसोफिक्स टेकणी व वरच्या पट्ट्याचा बंध आहे किंवा नाही, हे पाहावे लागते. काही पिकअप वाहनांत वरचा पट्टा पाठीमागील कापडी फाशातून ओवून बाजूच्या बंधाला अडकवावा लागतो. ही पद्धत निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार समजून घेतल्याखेरीज आसन घट्ट बसत नाही. तिन्ही मागील जागांना तीन बिंदूंचे पट्टे, डोके टेकण्याची उशी व बाजूच्या पडदा एअरबॅग असणे अधिक सुरक्षित मानले जाते. वाहनाचे तोंड उंच असल्याने अगदी पुढे व मागे उभे असलेले लहान मूल चालकास दिसत नाही. त्यामुळे मागील कॅमेरा व संवेदक ही साधने असली, तरी वाहन हलवण्यापूर्वी मुले कोठे आहेत याची खात्री करणे आवश्यक असते.

वाहनाचा गुरुत्वमध्य उंच असल्याने अचानक दिशा बदलताना ते कलंडण्याचा धोका मोटारीपेक्षा अधिक असतो. इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण ही यंत्रणा हा धोका कमी करते.

हौद्यात माणसे बसवणे हा ग्रामीण भागात सर्रास आढळणारा प्रकार आहे. जत्रा, लग्न किंवा शेतावरील सहलीच्या प्रसंगी मुलांना हौद्यात बसवले जाते. तेथे आसन, पट्टा वा छताचे संरक्षण नसते. साध्या धडकेत किंवा जोरदार ब्रेकमध्येही व्यक्ती बाहेर फेकली जाऊ शकते. हौद्यावर छत बसवल्याने हा धोका टळत नाही. शिवाय छताचे मागील दार उघडे ठेवून वाहन चालवल्यास इंजिनाचा विषारी धूर आत ओढला जातो.

भारतातील कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील २०१९ च्या दुरुस्तीनुसार (कलम १९४ ब) चौदा वर्षांखालील बालकास सुरक्षा पट्टा किंवा बालआसन यांविना नेल्यास १,००० रुपये दंड होतो. कलम १९४ अन्वये अतिभारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक अतिरिक्त टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत. पुढे बसवल्या जाणाऱ्या लोखंडी संरक्षक दांड्यांवर कारवाई करण्याची सूचना केंद्र सरकारने २०१७ च्या अखेरीस राज्यांना दिली. असे दांडे पादचाऱ्यांना घातक असून धडकेच्या वेळी एअरबॅगच्या कार्यातही बाधा आणू शकतात.

दुहेरी केबिनची सर्वच वाहने खासगी म्हणून नोंदवली जात नाहीत. काही मालवाहू वर्गात येतात. नोंदणीच्या वर्गावर कर, विमा, परवाना व तपासणी अवलंबून असल्याने खरेदीपूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे असते.

निवडीचे निकष

पहिला प्रश्न उघड्या हौद्याच्या खऱ्या गरजेचा असतो. ओले कपडे, मासळी, शेणखत, रोपे किंवा चिखलाने भरलेल्या सायकली केबिनबाहेर राहतात, हा पिकअपचा निर्विवाद लाभ आहे. शेतजमीन, फळबाग किंवा जलक्रीडेचे साहित्य असलेल्या कुटुंबास तो वरचेवर मिळतो. ज्यांना वर्षातून एक-दोनदाच असे सामान न्यावे लागते, त्यांच्यासाठी साधी मोटार व प्रसंगी भाड्याचा टेम्पो स्वस्त पडतो.

दुसरा निकष आकाराचा आहे. भारतात विकली जाणारी हायलक्स ५,३२५ मिलिमीटर लांब आहे, तर शहरी इमारतींतील मोटारीची जागा सामान्यतः ५ मीटर लांब व २.५ मीटर रुंद असते. वाहन जागेबाहेर सुमारे एक फूट डोकावते. वळण्यास लागणारी जागाही अधिक असल्याने अरुंद गल्ल्यांत त्याचा विचार करावा लागतो.

तिसरा निकष हौद्याच्या आच्छादनाचा आहे. ताडपत्री स्वस्त व हलकी असते, पण चोरीपासून संरक्षण देत नाही. सरकते झाकण कुलूपबंद होते, परंतु उंच सामान मावत नाही. टणक छत पाऊस व चोरी दोन्हींपासून बचाव करते. त्याचे वजन मात्र भारक्षमतेतून जाते. कोकण व घाटमाथ्यावरील पावसाळा लक्षात घेता आच्छादनाचा खर्च वाहनाच्या किमतीतच धरणे योग्य ठरते.

याशिवाय इंधनाचा खर्च, मोठ्या टायरांची किंमत, सुट्या भागांची उपलब्धता आणि सेवा केंद्राचे अंतर यांचा विचार होतो. टायरमधील हवेचा दाब रिकाम्या व भारित वाहनासाठी वेगळा असतो. तो चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. सहलीस निघताना तो वाढवणे आणि परतल्यावर पूर्ववत करणे हा या वाहनाच्या नियमित निगराणीचा भाग आहे.