सर्पदंशाचे औषध संगणकावर घडते आहे

मालेगाव तालुक्यात पावसाळ्यात मक्यात निंदायला उतरणारे आणि रात्री जमिनीवरच अंथरूण टाकणारे कोण, हे आपल्याला सांगावे लागत नाही. साप बहुधा त्यांनाच चावतो. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आजचे औषध घोड्याच्या रक्तातून येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्याला थोडेथोडे टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढतात. शंभर वर्षांहून जुनी ही पद्धत जीव वाचवते, पण घोड्याची प्रथिने काही रुग्णांच्या अंगावर उलटतात.

जानेवारी 2025 मध्ये 'नेचर'मध्ये वेगळी वाट दिसली. 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले डेव्हिड बेकर, सुसाना वाझकेझ तोरेस आणि सहकाऱ्यांनी नागाच्या कुळातील काही विषघटकांचा आकार संगणकाला दिला. त्यावर नेमके चिकटून बसेल असे नवेच प्रथिन संगणकाने रचले. निसर्गात ते कुठेही नव्हते. प्राणघातक मात्रा दिलेले 80 ते 100 टक्के उंदीर त्यामुळे वाचले. असे छोटे प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेता येते, घोडा लागत नाही.

मात्र हा प्रयोग उंदरांवरचा आहे, आणि रक्त बिघडवणाऱ्या घोणस-फुरशाच्या विषावर हे प्रथिन चालत नाही. म्हणून साप चावला तर मांत्रिक नको, चीर नको, घट्ट आवळपट्टीही नको. रुग्णाला चालू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्या. आणि मित्रांनो, आपल्या आरोग्य केंद्रात या औषधाच्या कुप्या किती आहेत, हे पावसाळ्याआधीच जाऊन विचारूया.