भीतीची मजुरी

उत्कंठेचा चित्रपट म्हटला की काळोख, खून आणि मागून येणारी पावले, अशी आपली समजूत असते. आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९५३ सालच्या ‘ल सालेर द ला पर’मध्ये, म्हणजे ‘भीतीची मजुरी’मध्ये, यातले फारसे काही नाही. भर उन्हात दोन मालमोटारी चालल्या आहेत, एवढेच.

दक्षिण अमेरिकेतील एका काल्पनिक गावी काही परदेशी बेकार अडकून पडले आहेत. परतीच्या तिकिटाला पैसा नाही. अमेरिकन तेल कंपनीच्या दूरच्या विहिरीला आग लागते. ती स्फोटानेच विझायची, म्हणून तेथवर नायट्रोग्लिसरीन न्यायचे. कंपनीचा साहेब हिशेब करतो : या भणंगांना ना युनियन, ना बायकामुले, मेले तर विचारणार कोण? दर माणशी दोन हजार डॉलर म्हणताच माणसांची झुंबड उडते. (१९५५ साली अमेरिकेत हा चित्रपट दाखविताना कंपनीला झोंबणारे भाग कापले होते. कात्री कोठे लागली ते श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे.)

मोटारी सुटायलाच जवळजवळ तास लागतो. कंटाळू नये. माणसे असल्या कामाला हो का म्हणतात, हे त्या तासात कळते. मग त्या द्रवाचे चार थेंब जमिनीवर टाकून दाखवितात आणि धडाका होतो. त्यानंतर दिग्दर्शकाला काही करावे लागत नाही. चाकाखाली खडा आला तरी आपणच दचकतो.

पण आम्ही हा चित्रपट पुनःपुन्हा पाहिला तो दोन नटांसाठी. मारिओ झालेला इव्ह मोंतां तेव्हा गायक म्हणून गाजलेला, तरणाबांड. ज्यो झालेला शार्ल व्हानेल मूकपटांपासूनचा, साठी गाठलेला. गावात ज्यो पांढऱ्या सुटात दादागिरी करतो. भरलेले पिस्तूल दुसऱ्याच्या हाती देऊन ‘घाल गोळी’ म्हणतो. तोच मोटारीत बसल्यावर घामाने निथळतो, पळ काढतो. मारिओ त्याला हिणवतो, तेव्हा तो म्हणतो की, पैसे भीतीचेही आहेत. तू चालव, मी भितो, ही आपली श्रमविभागणी! व्हानेल हे रडून सांगत नाही. थकल्या आवाजात, हिशेब सांगावा तसे सांगतो. कान महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि त्याच्या अभिनयाचा खास उल्लेख झाला, तो योग्यच झाला.

येथे आमची एक गोष्ट सांगणे भाग आहे. एका कारखान्यात टाकी धुण्याच्या कामाला आम्ही झगडून जोखीम-भत्ता मिळविला होता. पुढे एक कामगार टाकीत उतरेना. भत्ता जाईल या धास्तीने आम्हीच त्याला चारचौघांत भित्रा म्हटले. साहेबाने म्हटले असते तर आम्ही संप केला असता.

मोंतांचे काम वरवर सोपे दिसते. पण शेवटी वाटेत तेलाचे डबके लागते. ज्यो त्यात उतरून पुढे वाट दाखवितो आणि अडखळून पडतो. मोटार थांबली तर रुतेल, म्हणून मारिओ थांबत नाही. चाक ज्योच्या पायावरून जाते. त्या वेळी मोंतांच्या चेहऱ्यावर क्रौर्य नाही, शौर्यही नाही. काम उरकणाऱ्या माणसाचा चेहरा आहे. तो आम्ही गिरण्यांच्या दारात पाहिला आहे. मग काळ्या तेलात गळ्यापर्यंत बुडून तोच त्या म्हाताऱ्याला ओढून काढतो आणि विहिरीपाशी पोहोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहतो.