दोन डब्यांचं गणित

मुंबईतल्या माहुलला ओहोटी लागली की होड्या चिखलात बसतात. एका अंगावर कलंडलेल्या या होड्यांच्या मागे दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. एक १९५४ साली सुरू झाला, दुसरा १९५५ साली. कोळीवाडा त्यांच्या कितीतरी आधीचा. समोर शिवडी-माहुलची दलदल, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांनी गुलाबी होणारी. होडीच्या बुडाला काय झालंय ते पाहायला इथे क्रेन लागत नाही, ओहोटी पुरते. दुरुस्तीला मात्र ती पुरत नाही. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत जेमतेम साडेबारा तास. त्यातला निम्मा वेळ तरी बूड ओलंच. म्हणून खरं काम होडी भरतीरेषेच्या वर ओढून घेतल्यावरच सुरू होतं.

पूर्वी फळ्यांच्या दर्जांत कापूस ठासून वर राळ आणि तेलाचा लेप देत. मग फायबर आलं आणि त्याच्यासोबत पॉलिएस्टर रेझिन, कोबाल्ट, हार्डनर आणि काचेची मॅट. आज किनाऱ्यावर कुणी नुसतं ‘रेझिन’ म्हटलं तर बहुधा पॉलिएस्टरच समजावं. स्वस्त आहे, पटकन सेट होतं, आणि हात बसलेला माणूस अंदाजाने मिसळतो तरी चालतं. चालतं, कारण त्यातला हार्डनर विरजणासारखा आहे: शंभराला एक-दोन भाग, थंडीत थोडा जास्त, उन्हात थोडा कमी. विरजण वाढवलं म्हणून दही बिघडत नाही, फक्त लवकर लागतं.

दुसऱ्या जातीचं रेझिन म्हणजे एपॉक्सी, आणि त्याचा हार्डनर विरजण नव्हे. तो रेझिनच्या रेणूंशी स्वतः जोडला जातो, तयार झालेल्या मालाचा भाग होतो. जास्त घातला तर उरलेला हार्डनर आत तसाच राहतो, कमी घातला तर रेझिनला जोडीदार मिळत नाही. दोन्हीकडे निकाल एकच, रबरासारखा चिवट नाहीतर कायमचा चिकट लेप. ‘थंडी आहे, दोन थेंब जास्त घाल’ हा पॉलिएस्टरवर तयार झालेला हात एपॉक्सीवर फिरला की पैसा खाडीत जातो. एपॉक्सीच्या वाईट नावामागे, माझ्या मते, निम्म्याहून जास्त वेळा हीच सवय असते.

हे रसायन मुळात होडीसाठी जन्मलंच नव्हतं. स्वित्झर्लंडचे पिएर कास्तान १९३०च्या दशकात दातांच्या कवळ्यांसाठी साहित्य शोधत होते. त्यांचं पेटंट सिबा कंपनीकडे गेलं, आणि १९४६ साली ‘अरल्डाइट’ बाजारात आलं. लाकडी बोटी एपॉक्सीत भिजवून बांधण्याची पद्धत अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये गूजन बंधूंनी १९६९ नंतर रुळवली. आपल्याकडचं अरल्डाइट २०२०पासून मुंबईच्याच पिडिलाइटकडे आहे.

आता मापाचं. फायबरच्या कामाला भारतात सर्रास मिळणाऱ्या जोड्यांपैकी एक म्हणजे गुजरातेतल्या अतुल कंपनीचं लॅपॉक्स एल-१२ रेझिन आणि के-६ हार्डनर. प्रमाण शंभरास दहा, पण वजनाने. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो. तेच प्रमाण कपाने मोजलं तर तो १५ टक्क्यांच्या आसपास कमी पडतो. उलट नेहमीचं दोन ट्यूबचं अरल्डाइट मापाने समसमान घ्यायचं, आणि काट्यावर घेतलं तर शंभरास ऐंशी. तिथे वजनाने समसमान घेणारा हार्डनर जास्त ओततो. म्हणजे एका जोडीचा नियम दुसरीला लावायचा नाही. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं. मग भांड्याचा तळ आणि कडा खरवडत दोन-तीन मिनिटं ढवळायचं, आणि दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळायचं. कडेला चिकटलेला कच्चा रेझिन शेवटी होडीवर जातो आणि तेवढीच जागा चिकट राहते.

तयार मिश्रण डब्यात ठेवून गप्पा मारू नयेत. ते स्वतःच तापतं. जितका मोठा गोळा तितकं जास्त, इतकं की डबा वितळून धूर निघतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की कामाचा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यातल्या दुपारी थोडं थोडं कालवा आणि लगेच पसरट ताटात ओता.

माहुलची स्वतःची अशी एक अडचण आहे: तेल. बंदराचं पाणी आहे, तेलाचा तवंग येतोच. ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं मुंबई बंदराबाहेर धडकली, तेव्हा तर तेल कांदळवनांपर्यंत पोचलं होतं. अशा बुडावर थेट पॉलिश पेपर मारला तर तेल लाकडाच्या आत जातं. म्हणून आधी गोड्या पाण्याने आणि साबणाने धुणं, मग थिनरचं फडकं, वाळवणं, आणि शेवटी ८० नंबरचा पेपर. क्रम चुकला तर उत्तम एपॉक्सीसुद्धा पापुद्र्यासारखा सुटतो.

दुसरी अडचण पंचांगाची. राज्यातल्या यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारल्या जातात, हाताला वेळ असतो, आणि नेमकी तीच हवा एपॉक्सीला सर्वांत नावडती. दमट हवेत के-६सारख्या अमाइन हार्डनरच्या लेपावर मेणचट थर येतो. तो दिसत नाही, बोटाला लागतो. थिनरने पसरतो, पाण्याने मात्र निघतो; घासून धुतल्याशिवाय वर दुसरा हात मारला तर थर थराला धरत नाही. पॉलिअमाइड जातीचे हार्डनर हा दमटपणा जास्त सोसतात, सावकाश सेट होतात. पावसाळ्यात मी तरी तेच सुचवीन. लाकडाचा प्रश्न याहून अवघड. जूनमध्ये वर काढलेली होडी आतून भिजलेली असते, आणि ओल्या फळीवर फायबर चढवलं की पाणी आत कोंडून लाकूड कुजतं. लाकडी काम मे महिन्यात, पावसाआधी उरकावं. हे नाखव्याला सांगणं सोपं नाही, कारण मेमध्ये होडी कमाई करत असते.

आणि सगळीकडे एपॉक्सी भरायचा मोहही नको. फळ्या भिजून फुगतात, वाळून आकसतात. दर्जात कडक एपॉक्सी भरला तर फुगलेल्या फळीला जागा उरत नाही आणि ती कडेला चिरते. तिथे जुना कापूसच बरा. नाळेला गेलेली चीर, कुजलेलं वाकाचं टोक, सैल झालेली खिळ्याची भोकं, इथे एपॉक्सी आपली किंमत वसूल करतो. फायबरच्या होडीला लहान भोक असेल तर पॉलिएस्टर पुरे; जिथे जुना थर सुटतोय किंवा ताण पडतो तिथे एपॉक्सी घ्या. मॅटऐवजी विणलेलं कापड वापरा, कारण मॅटमधला चिकटवणारा पदार्थ पॉलिएस्टरच्या स्टायरिनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही. एपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट धरत नाही. वर पॉलियुरेथेन रंग द्या, नाहीतर उन्हाने लेप पिवळा पडून भुकटी होतो.

एपॉक्सीला पॉलिएस्टरसारखा उग्र वास नाही, त्यामुळे लोक उघड्या हाताने काम करतात. त्वचेला एकदा त्याची ॲलर्जी जडली की आयुष्यभर पाठ सोडत नाही. हातमोजे घाला, हात थिनरने धुऊ नका. पॉलिएस्टर वापरणाऱ्यांनी कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नये, स्फोट होतो.

१ ऑगस्टला समुद्र उघडतो. एपॉक्सी दुसऱ्या दिवशी हाताला टणक लागला तरी पुरी ताकद यायला साधारण आठवडा लागतो. तेव्हा शेवटचा हात २४ जुलैच्या आत मारा, आणि रेझिन आणायला जाल तेव्हा एका ग्रॅमचा फरक दाखवणारा छोटा वजनकाटाही घेऊन या.