शेपू आणि बाळंतशेप

परभणीकडे शेपूची जुडी मुगाची डाळ घालून लसणाच्या फोडणीत परततात, सोबत ज्वारीची भाकरी. शेपूचं बी म्हणजे बाळंतशेप. ओव्यासोबत भाजून ती बाळंतिणीला जेवणानंतर चिमूटभर चघळायला देतात. दूध यावं, पोट फुगू नये म्हणून. तळहातावर चुरडल्यावर येणारा उग्र-गोडसर वास तेलातल्या कार्व्होन आणि लिमोनीनचा. वारा सरायला याच तेलाची मदत होते, असं मानतात. १८५१ सालच्या इंग्लंडमधल्या पहिल्या ग्राइप वॉटरमध्येही शेपूचं तेल होतं, आणि अल्कोहोलसुद्धा. दूध वाढतं, याला मात्र पक्का पुरावा नाही.

अ‍ॅलर्जी नसेल, तर भाजी निर्धास्त खा. जपून राहायचं ते काढ्यापासून आणि तेलापासून. गरोदरपणी बियांचा काढा नकोच. गाजर, कोथिंबीर, ओव्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना शेपूचीही होऊ शकते. ताज्या पाल्याचा रस अंगाला लागून त्यावर ऊन पडलं, तर कातडी भाजल्यासारखी लाल होते. आणि कळकळीचं एक सांगणं : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बाळंतशेपेचं पाणी चमचाभरही देऊ नका. त्याला आईचं दूधच पुरतं. बाळ रडायचं थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.