भुताच्या पाठीची चेन

बालदोस्तांनो, शेजारच्याचा हात घट्ट धरून, बोटांच्या फटीतून कधी सिनेमा पाहिलाय का? मी पाहिलाय!

साल होतं १९९३. मी सातवीत होते आणि माझा धाकटा भाऊ दुसरीत. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आमच्या कोल्हापुरात लागला होता. तात्या विंचू नावाच्या गुंडाचा आत्मा एका बोलक्या बाहुल्यात शिरतो, अशी ती गोष्ट. थिएटर खच्चून भरलेलं. लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर आले की शिट्ट्या, आणि तो बाहुला हलला की सगळे चिडीचूप!

घरी येईपर्यंत भाऊ शूर होता. रात्री दिवा मालवला आणि त्याचं शौर्य संपलं. आमच्या कपाटावर जत्रेतून आणलेला एक बाहुला होता.

"ताई, त्यो माझ्याकडंच बघतोय."

आईनं बाहुला ट्रंकेत टाकला. तर म्हणे, "आता त्यो आतनं झाकण उघडणार!" तीन रात्री घरात कुणाला धड झोप नाही. बाबा वैतागले. "आजपासून सिनेमा बंद!"

चौथ्या दिवशी आज्जीनं काय केलं ठाऊक आहे? बाबांचा एक जुना मोजा घेतला, त्यावर दोन बटणं शिवली आणि भावाला म्हणाली, "घाल हात. आता ह्येला बोलव बघू."

भावानं भीतभीत बोटं हलवली. मोज्यानं तोंड उघडलं! पाच मिनिटांत तो मोजा आम्हा सगळ्यांना दम देऊ लागला.

"बघ लेकरा," आज्जी म्हणाली, "मोजा काय आपल्या मनानं बोलतोय व्हय? त्या शिनेमातल्या बाहुल्याच्या मागंबी कुणीतरी बसलंय."

आज्जीचं अगदी बरोबर होतं. तात्या विंचूचा बाहुला बनवला आणि हलवला होता रामदास पाध्ये यांनी. हो, तेच, अर्धवटरावांना बोलकं करणारे पाध्ये! आणि तात्या विंचू झाले होते दिलीप प्रभावळकर. हे कळल्यावर भाऊ त्या रात्री गाढ झोपला. मला मात्र एक खोड लागली. भुताचा सिनेमा पाहताना भुताच्या पोशाखाची पाठीमागची चेन शोधायची!

दोस्तांनो, घाबरवण्याच्या या खेळात आपलं कोल्हापूर फार जुनं आहे बरं का. १९२० साली इथल्या बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' हा मूकपट काढला. आवाज नाही, रंग नाही. कॅमेरासुद्धा त्यांनी स्वतः खटपट करून बनवलेला. पण भीमानं केलेला कीचकाचा वध पडद्यावर इतका खरा वाटला, की प्रेक्षक हादरून गेले. शेवटी तो प्रसंग सिनेमातून कापावा लागला! लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. म्हणजे बघा, दचकवायला पैशांच्या राशी लागतात असं काही नाही.

हीच गोष्ट पुढं मुंबईच्या रामसे बंधूंनी हेरली. हे सात भाऊ. त्यांच्या वडिलांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा सिनेमा १९७० साली आला आणि साफ पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात, तेवढ्या प्रसंगाला लोक दचकत. भावांनी ठरवलं, आता संपूर्ण सिनेमाच दचकवणारा काढायचा! मग सगळं कुटुंब निघालं महाबळेश्वरला. कुणी दिग्दर्शन करतंय, कुणी कॅमेरा धरतंय, कुणी आवाज सांभाळतंय, आणि घरच्या बायका स्वयंपाक करताहेत. 'दो गज जमीन के नीचे' हा त्यांचा १९७२ सालचा सिनेमा अशा घरगुती थाटात तयार झाला आणि चांगला चालला. १९८४ साली आला 'पुराना मंदिर'. त्यातला राक्षस सामरी तर घराघरांत माहीत झाला. अर्थात हे सिनेमे मोठ्यांसाठीचे होते, मुलांसाठी नव्हेत.

अशा सिनेमांत हसू येण्यासारखं खूप असतं. १९५३ साली अमेरिकेत 'रोबोट मॉन्स्टर' नावाचा सिनेमा निघाला. परग्रहावरचा यंत्रमानव दाखवायचा होता, पण पोशाखाला पैसे नव्हते. मग काय? गोरिलाचा केसाळ पोशाख घातलेला एक माणूस आणला आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्याचं शिरस्त्राण चढवलं. झाला यंत्रमानव! वर त्याच्या गुहेत साबणासारखे फुगे सोडणारं यंत्र. आज लोक तो सिनेमा मुद्दाम पाहतात आणि पोट धरून हसतात.

मग सामरीला पाहून घाम फुटतो आणि या गोरिलाला पाहून हसू येतं, असं का? मला वाटतं, फरक आहे तो लपवण्याचा. गोरिला भर दिवसा उन्हात हिंडतो. त्याला आपण डोळे भरून पाहतो, आणि पाहता पाहता राक्षस जातो आणि उरतो फक्त घामाघूम झालेला माणूस. उलट नुसतं दार करकरलं, भिंतीवर सावली सरकली, की उरलेला राक्षस आपण स्वतःच मनात बनवतो. तो तर फुकटच की! १९७५ सालचा 'जॉज' काढताना स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा. म्हणून त्यांनी शार्क कमी आणि पाणी जास्त दाखवलं, जोडीला संगीत दिलं. अख्खं जग घाबरलं!

चेन दिसणं, मुखवटा निसटणं, हे दोष मी आनंदानं माफ करते. पण दोन दोष मात्र माफ करता येत नाहीत.

पहिला म्हणजे, अशा कितीतरी सिनेमांत डॉक्टर हात टेकतात आणि मांत्रिक येऊन बरं करतो. पडद्यावर ठीक आहे हो. पण साप चावलेल्या माणसाला खरोखरच मांत्रिकाकडं नेलं, तर तो जिवाला मुकू शकतो. दवाखाना रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

दुसरा दोष सांगताना मला आजही लाज वाटते. आमच्या वर्गात एक मुलगा होता. लहानपणी त्याचा चेहरा भाजला होता. कुणीतरी चोरून व्हिडिओवर 'पुराना मंदिर' पाहून आलं आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाचं नाव पडलं सामरी. सगळे म्हणायचे. मीही म्हटलं. तो चिडला नाही, रडला नाही. फक्त मधल्या सुट्टीत कबड्डी खेळायला यायचा बंद झाला. डबाही एकटाच खायचा.

सिनेमानं आम्हाला काय शिकवलं होतं? वेगळा चेहरा म्हणजे वाईट माणूस! पण खरा सामरी कोण होता? ते काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल चांगले शिकलेले इंजिनिअर. उंचेपुरे, चेहऱ्यानं जरा वेगळे, म्हणून त्यांना राक्षसाची कामं मिळाली. हे मला फार उशिरा कळलं. सामरीच्या पाठीची चेन मी शोधत बसले, पण रोज शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा मला दिसलाच नाही. त्याची माफी मागायची माझी राहून गेली. तुमचं तसं होऊ देऊ नका.

आई-बाबांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. मूल घाबरलं तर "त्यात काय घाबरायचं?" असं म्हणून त्याला गप्प करू नका. त्याच्यासोबत बसा आणि भूत कसं बनवलं असेल ते दोघं मिळून शोधा. लहानग्यांना न झेपणारे सिनेमे मात्र दूरच ठेवा.

आणि दोस्तांनो, आज रात्री एक गंमत करा. खोलीत अंधार करा आणि बॅटरीसमोर हाताचा पंजा धरा. पंजा बॅटरीजवळ आणला की भिंतीवरची सावली मोठी होते आणि लांब नेला की लहान. घरातल्या कुणाला तरी दार हळूच करकरवायला सांगा. झाला तुमचा राक्षस तयार, खर्च शून्य!

माझा भाऊ आता मोठा झालाय, त्याला मुलगी आहे. परवा ती रात्री दचकून उठली. मी उठून पाहते तर काय, हा पठ्ठ्या मोजा शोधत होता!