फुलपाखरू चित्रात कशाला?

भाटघरच्या एका वाचकांनी पत्रातून नेमका प्रश्न विचारला आहे. पावसाळ्यात येसाजी कंक जलाशयाच्या कडेने, कुंपणांवर कळलावी फुलते आणि तिच्याभोवती फुलपाखरं घिरट्या घालतात. मुघल चित्रांमध्येही फुलाशेजारी एखादं फुलपाखरू हमखास असतं. मग त्या चित्रकारांना परागीभवन ठाऊक होतं का?

नव्हतं. पण एका शब्दात उत्तर देऊन मोकळं व्हावं, असा हा प्रश्न नाही.

आधी कळलावीच बघू. तिचं फूल मान खाली घालून लटकतं, पाकळ्या मात्र उलट्या वर वळलेल्या. सहा पुंकेसर चहूकडे आडवे पसरलेले. कुक्षीवृंत तर बुडाशीच काटकोनात मोडल्यासारखा वळून एका अंगाला निघालेला. मध असतो पाकळ्यांच्या तळाशी. फुलपाखरू तिथे सोंड घालतं तेव्हा त्याचे फडफडणारे पंख पुंकेसरांना घासतात. दक्षिण आफ्रिकेत याच जातीचा अभ्यास झाला, तेव्हा पराग पंखांवर बसूनच पुढच्या फुलाच्या कुक्षीपर्यंत पोचतात असं आढळलं. परागीभवन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मधमाशीचं केसाळ अंग येतं. इथे चक्क पंख कामाला येतात! म्हणजे कळलावी खरी रंगवायची तर फुलपाखरू कुठे आहे आणि पंख कुठे टेकलेत, हे चुकवून चालणार नाही.

जहांगीर बादशहाला हे सांगितलं असतं तर त्याने दिवसभर कळलावीपुढे बैठक मारली असती. सारसाच्या जोडीने अंडी कशी उबवली याच्या नोंदी आत्मचरित्रात करणारा हा राजा. १६२०च्या वसंतात तो काश्मीरला गेला. तिथली फुलं मोजण्यापलीकडची आहेत, दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने शंभराहून अधिक रंगवली, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्यांतली फारच थोडी उरली. लाल ट्युलिपचं प्रसिद्ध चित्र आज अलीगढला आहे. पाकळीचा बाक आणि पानाची मुरड पाहिली की हा माणूस झाडासमोर बसला होता, याबद्दल शंका राहत नाही.

पण सगळे मुघल फूलचित्रकार मन्सूर नव्हते. गोव्याहून येणाऱ्या जेझुइट धर्मप्रचारकांमुळे दरबारात युरोपीय छापील चित्रं पोचली होती. जहांगीरकालीन काही फुलं बागेतून आलेली नाहीत, ती अँटवर्पच्या एड्रियन कोलार्टच्या कोरीव चित्रांवरून उतरवलेली आहेत, हे कला-इतिहासकार रॉबर्ट स्केल्टन यांनी १९७२ साली दाखवून दिलं. ‘मुघलांचा वैज्ञानिक दृष्टिकोन’ असे मथळे वाचले की म्हणूनच मी जरा सावध होतो. अशा चित्रांतलं फुलपाखरू बहुतेक वेळा रिकाम्या जागेचा तोल सांभाळायला आलेलं असतं. त्याचं त्या फुलाशी काही काम असतंच असं नाही. चित्र म्हणून ते अप्रतिम असतं, एवढंच.

आणि दोष मुघलांनाच का द्यावा? फूल आणि कीटक यांचं नातं उलगडणाऱ्या माणसाचं युरोपने तरी काय केलं? ख्रिस्तियान स्प्रेंगेल बर्लिनजवळ श्पांडाऊला शाळेचा मुख्याध्यापक होता. १७८७ साली त्याला जिरॅनियमच्या पाकळीच्या बुडाशी बारीक केस दिसले. पावसाच्या थेंबापासून मध वाचवायला ते आहेत, असं त्याच्या मनात आलं. मग हा मध कुणासाठी वाचवायचा? या एका प्रश्नापायी त्याने शेकडो जातींची फुलं तपासली. पाकळ्यांवरचे ठिपके आणि रेघा कीटकांना वाट दाखवतात, हेही त्याचंच निरीक्षण. १७९३ साली पुस्तक निघालं. महाकवी गटेला ते पटलं नाही, इतरांनी दुर्लक्ष केलं. पुढच्याच वर्षी त्याची शाळेतली जागा गेली. १८४१ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनच्या सांगण्यावरून डार्विनने ते पुस्तक वाचलं, तेव्हा स्प्रेंगेलला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. डार्विनच्या ऑर्किडांवरच्या अभ्यासाचे गोडवे गाताना निदान एकदा तरी या मास्तरांचं नाव घ्यायला हवं.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, भाटघरपासून फार लांब नाही, पुण्याजवळच्या दापोडीला एक चित्रकार झाडं रंगवत बसला होता. तिथे १८२८ साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं होतं. १८३८पासून ते सांभाळत होता स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन, पुढे मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक. त्याने १८४७ ते १८५० या काळात बागेतल्या झाडांची जलरंगातली सुमारे १७० चित्रं करून घेतली. या चित्रांत कीटकाला जागा नाही. झाडाची जात ओळखण्यासाठी पान, फूल, फळ पुरे, असा तो काळ. मुघलांनी शोभेला ठेवलेलं फुलपाखरू इथे शिस्तीने बाहेर गेलं, आणि फुलाचा अर्धा संसारही त्याच्याबरोबर गेला!

ही चित्रं आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नॉल्टी यांनी २००२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, म्हणून जगाला ती कळली. गिब्सनचं नाव वनस्पतींच्या लॅटिन नावांत शिल्लक आहे. मन्सूरचं नाव खुद्द बादशहाने लिहून ठेवलं. दापोडीच्या चित्रकाराचं नाव मात्र कुणीही नोंदवलं नाही. दापोडीची बाग १८६५ साली बंद झाली आणि पुढे गणेशखिंडीला नवी झाली. त्या गणेशखिंडीत या चित्रांच्या प्रती, त्यांतल्या ज्या जातींची झाडं तिथे आहेत त्यांच्या शेजारी लावायला काय हरकत आहे? खाली चित्रकाराच्या नावाची जागा कोरी सोडावी.