बुधवारी रात्री आठची शर्यत

इटलीतील सानरेमो या समुद्रकाठच्या गावी 29 जानेवारी 1951 रोजी सुरू झालेली वार्षिक गीतस्पर्धा आणि 3 डिसेंबर 1952 रोजी रेडिओ सिलोनवरून प्रथम ऐकू आलेली बिनाका गीतमाला यांच्यात दोन वर्षांचेही अंतर नाही. दोन्ही रेडिओच्या जोरावर घरोघर पोचल्या आणि दोन्हींत खरा स्पर्धक गायक नसून गाणे हाच होता. सानरेमोच्या पहिल्या वर्षी 20 गाणी होती, तर ती सगळी म्हणायला निल्ला पिझ्झी, आकिल्ले तोल्यानी आणि फासानो भगिनी एवढेच कलावंत होते. फरक इतकाच की सानरेमोत नवी कोरी गाणी कॅसिनोच्या दिवाणखान्यात मांडली जात, तर गीतमालेतली गाणी चित्रपटगृहांतून आधीच लोकांच्या तोंडी बसलेली असत, आणि त्यांचा निवाडा करणारे लोक देशभर विखुरलेले असत.

ही शर्यत मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोहून का प्रक्षेपित व्हावी, या प्रश्नाचे उत्तर एका मराठी मंत्र्यापाशी येऊन थांबते. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे हाती घेतलेले पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जागा उरली नाही. श्रोत्यांची अभिरुची उंचावावी हा त्यांचा हेतू प्रामाणिक होता, पण श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. सिलोनचे प्रक्षेपण लघुलहरींवरचे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून दूरवर परतणाऱ्या रेडिओलहरींचे होते. त्यामुळे गाणे कडव्याच्या मध्येच खोल जाई, खरखरे आणि पुन्हा वर येई, तरी बुधवारी रात्री आठच्या सुमारास संचापाशी जमलेली मंडळी हलत नसत.

आरंभी गीतमालेत क्रमवारी नव्हतीच. सात गाणी कशीही लावली जात, श्रोत्यांनी ती आपल्या मते लोकप्रियतेच्या क्रमाने लिहून धाडायची आणि ज्यांचा क्रम जुळेल त्यांच्यात 100 रुपयांचे बक्षीस वाटले जाई. निवेदक अमीन सायानी तेव्हा जेमतेम विशीत होते, आणि पत्रे वाचण्यापासून निवेदनापर्यंतची सगळी उस्तवार त्यांच्याच गळ्यात पडलेली होती. पहिल्याच खेपेला सुमारे 9,000 पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला 60,000 च्या वर गेला, तेव्हा बक्षिसाची पद्धत सोडून कार्यक्रम क्रमवारीकडे वळला. क्रम ठरवण्याचा आधार आधी दुकानांतील तबकड्यांची, म्हणजे बोलीतल्या रेकॉर्डांची, विक्री हा होता. परंतु तबकडी संपली की गाणे लोकांच्या ओठी असूनही खाली घसरे, अशी अडचण निघाली आणि गावोगावच्या श्रोतासंघांची मते जमेस धरली जाऊ लागली. एखाद्या आडगावी पाच-पंचवीस जणांनी मिळून काढलेल्या संघाचे पत्र अशा रीतीने मुंबईच्या संगीतकाराच्या नशिबाशी जोडले गेले. सायानी स्थानाला ‘पायदान’ म्हणत, अग्रगण्य गीतापूर्वी बिगुल वाजे, आणि आठवड्याआठवड्याच्या गुणांवरून वर्षाअखेरीस वार्षिक क्रमवारी जाहीर होई. या वार्षिक यादीची उत्सुकता सानरेमोच्या अंतिम रात्रीइतकीच ताणलेली असे, असे म्हणण्यास हरकत नाही.

1953 च्या वार्षिक यादीतील पहिले गीत ‘अनारकली’ चित्रपटातले होते; स्वर लता मंगेशकरांचा आणि संगीत सी. रामचंद्र यांचे. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म 12 जानेवारी 1918 रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. दौंड–मनमाड लोहमार्गावर बेलापूर स्थानक सोडून मनमाडकडे निघाले की चितळी येते आणि पाठोपाठ पुणतांबे. म्हणजे प्रवराकाठच्या बेलापूरकरांच्या दृष्टीने हा शेजारचाच माणूस. विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गायन शिकलेल्या या संगीतकाराने ‘अलबेला’त विलायती वाद्यांचा ठेका आणला, ‘चितळकर’ या नावाने स्वतः पार्श्वगायनही केले, आणि दरबारी कथानकाच्या ‘अनारकली’त मात्र संथ, आर्त चाली बांधल्या. केसकरांना आकाशवाणीवर जे नको होते त्यात रागदारीची तालीम घेतलेल्या माणसाची ही चालही येत होती, आणि ती वर्षाच्या माथ्यावर जाऊन बसली, याची दखल त्या धोरणाच्या टीकाकारांनीही पुरेशी घेतलेली दिसत नाही.

पुढच्या काळात वार्षिक यादीत मराठी नावे पुन्हा पुन्हा दिसतात. लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा या जोडीची गाणी 1967 ते 1970 अशी सलग चार वर्षे पहिली आली, आणि या दोघांच्या वाद्यवृंदातील वादकांसाठी त्या काळी मुंबईत अहोरात्र काम होते. दरम्यान सरकारलाही आपली चूक उमगली होती. 3 ऑक्टोबर 1957 रोजी केसकरांच्याच कारकिर्दीत विविध भारती ही चित्रपटगीतांना वाव देणारी वाहिनी सुरू झाली. तरीही गीतमाला आणखी तीन दशके कोलंबोहूनच वाजत राहिली, तिच्या प्रायोजक टूथपेस्टचे नाव बदलले तसे तिचे नावही बिनाकाचे सिबाका झाले, आणि 1989 मध्ये ती विविध भारतीवर आली.